डावा कौल

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांत फरक काय, हा प्रश्न मला आयुष्यात किमान पाचशे वेळा विचारला गेला असेल. पाचशेही वेळा मी एकच उत्तर दिलं. विज्ञानकथेत लेखक निसर्गाचे नियम पाळतो, अद्भुतकथेत निसर्गाला लेखकाचे नियम पाळावे लागतात. हमखास टाळ्या पडायच्या. पस्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या वाट्याला टाळ्या फारशा येत नाहीत, म्हणून ते वाक्य मी जपून वापरत असे. विहिरीत भूत असेल तर ती अद्भुतकथा. विहिरीत विषारी वायू असेल आणि गावाला ते भूत वाटत असेल तर विज्ञानकथा. इतकं सोपं होतं ते. त्या सोपेपणापायी कातळवेळ गावातली एकेचाळीस माणसं गेली. कशी गेली ते मी इथे लिहितो आहे, कारण चौकशी अहवालात ते नाही.

मी पराग आठल्ये, वय त्रेसष्ट, राहणार कोल्हापूर. निवृत्तीनंतर राज्याच्या 'चाहूल' योजनेत परीक्षक होतो. चाहूल आता सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती काय करते हे नीट कुणी सांगत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

डोंगर एका दिवसात कोसळत नाही. कोकणात वर जांभ्याचा कातळ असतो आणि त्याच्याखाली चिकणमातीचा थर. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून झिरपतं, खालची माती लोण्यासारखी मऊ करतं, तिच्यातून बोगदे कोरत जातं. मग अख्खा उतार महिन्याला दोन-चार मिलिमीटर सरकू लागतो. असं तो वर्षानुवर्षं सरकतो आणि एखाद्या पावसाळ्यात एकदम सुटतो. हे सरकणं मोजणारी उपकरणं आहेत, पण ती प्रत्येक डोंगरावर बसवणं कोणत्याच सरकारला परवडत नाही. माणसं मात्र प्रत्येक डोंगरावर असतात. त्यांना दिसत असतं. झरा गढूळ होतो, दार चौकटीत अडकायला लागतं, विजेचा खांब कलतो. माणसं हे बोलतात, कुठेतरी लिहितात, आणि विसरून जातात.

चाहूल हे छापलेलं सगळं वाचायची. बातम्या, वाचकांची पत्रं, जाहिराती, दिवाळी अंक. त्यातली निरीक्षणं वेगळी काढून त्या भागातला पाऊस, माती आणि उतार यांच्या गणितात घालायची, आणि ती सगळी खरी असतील तर जमिनीखाली काय चाललं असेल याचा अंदाज टक्क्यांत द्यायची. आकडा साठच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी त्या गावात गाड्या जाऊन माणसं हलवली जायची. तीन वर्षांत तिने अकरा गावं वाचवली. हे मी आजही मान्य करतो.

पण दुसऱ्याच वर्षी तिची फजिती झाली होती. कुठल्याशा अंकात नागकन्येच्या शापाने तळं उकळल्याची गोष्ट छापून आली. चाहूलने ती खरी मानली आणि तीनशे माणसं दोन दिवस एका साखर कारखान्याच्या आवारात नेऊन बसवली. विधानसभेत हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मग नियम आला, की कोणतीही गोष्ट चाहूलकडे जाण्याआधी जाणत्या माणसाने वाचायची आणि तिच्यावर शिक्का मारायचा. 'वि' म्हणजे विज्ञान, ती यंत्राकडे जाणार. 'अ' म्हणजे अद्भुत, ती जाणार नाही. आम्ही राज्यात नऊ परीक्षक होतो, आणि माझा 'अ' सगळ्यांत कडक म्हणून प्रसिद्ध होता.

यातून एक गंमत झाली. सरकारी विभागाकडे साधी तक्रार करायची तर सतरा जोडपत्रं लागत आणि नंबर यायला दोन-दोन वर्षं. गोष्टीला जोडपत्र लागत नाही. योजनेच्या कथास्पर्धेत गोष्ट पाठवली की महिन्याभरात यंत्र ती वाचणार! झालं, गावोगाव विज्ञानकथाकार उगवले. ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बाई, निवृत्त पोस्टमन, जो तो आपला पूल, आपला बंधारा, आपली दरड घेऊन गोष्ट लिहायला बसला. भाषा बेतास बात, पण निरीक्षणं अस्सल. मला ते वाचायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

ज्येष्ठ महिन्यात कातळवेळची गोष्ट आली. लेखकाचं नाव आम्हाला दिसत नसे. गोष्ट बरी होती, नव्हे, चांगली होती. गावाच्या वरच्या अंगाला वेळोबाचं देऊळ. गावात काही ठरवायचं असलं की देवाला कौल लावायचा. देवाच्या गोल पाषाणाला पाणी लावून दोन्ही अंगांना फुलांचे कळे चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचा कळा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. कोकणात हे सर्रास चालतं. गोष्टीतला गुरव सांगतो, की तीन वर्षांपूर्वी दहापैकी सात कौल डावे यायला लागले. गेल्या वर्षी नऊ. आणि यंदा शिमग्यापासून एकही उजवा नाही, लग्नाचं विचारा, पेरणीचं विचारा, काहीही विचारा. देव कशालाच हो म्हणत नाही. मग गुरव विचारतो, "आम्ही इथे राहू का?" पुन्हा डावा. गुरव गावाला म्हणतो, चला, उतरा डोंगर.

मी ते मंजिरीला वाचून दाखवलं. मंजिरी म्हणजे माझी बायको. ती बँकेत होती, विज्ञानाशी तिचा संबंध दहावीपुरता.

"छान आहे," ती म्हणाली. "पण कळे डावीकडेच का पडतात?"

"देवाची इच्छा. म्हणून तर अद्भुत."

"तसं नाही रे. खरंच पडत असतील तर का पडत असतील?"

"मंजू, अगं गोष्ट आहे ती. उद्या त्यातला देव चहा मागेल, तर साखर किती विचारशील का?"

ती उठून गेली. मी शिक्का मारला, 'अ'. खाली शेरा लिहिला: 'कथानकाचा निर्णायक पुरावा दैवी आहे. तो काढून वास्तव उपकरण योजल्यास पुनर्विचार होऊ शकेल.' माझ्या मते हे माझं औदार्यच होतं.

आठ दिवसांनी दुपारी दारात एक बाई उभी. पस्तिशीची, खांद्याला शबनम, चेहरा उन्हाने रापलेला. हातात माझ्या सहीचं निकालपत्र.

"सर, मी ऋतुजा गुरव. कातळवेळच्या प्राथमिक शाळेत शिकवते. ती गोष्ट माझी आहे." पायांतल्या चपला काढता काढताच तिने मुद्द्याला हात घातला. "त्यातले गुरव म्हणजे माझे बाबा, दत्ताराम गुरव. गोष्टीतलं सगळं खरं आहे. बाबा म्हणतात, नागपंचमीच्या आत सगळ्यांनी खालच्या शाळेत राहायला जाऊ. अर्धं गाव तयार आहे. उरलेलं अर्धं म्हणतं, यंत्र काय सांगतं ते बघू आणि मग ठरवू. म्हणून आले. तेवढा 'अ' खोडा."

मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि मग माझं ते वाक्य ऐकवलं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

"तुला स्वतःला वाटतं का, देव बोलतो म्हणून?" मी विचारलं.

"मला काय वाटतं ते राहू दे, सर. कळे डावीकडे पडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या हाताने लावलेलेसुद्धा."

यापेक्षा शास्त्रीय उत्तर मला पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने दिलेलं नव्हतं. दिसलं ते एक आणि त्याचा लावलेला अर्थ वेगळा, हे मी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचो. त्या दुपारी मात्र मला फक्त 'देव' ऐकू आला. मी हसलो. म्हणालो, योगायोग असतात, मनाचे खेळ असतात. हे लिहिताना माझी मला शिसारी येते.

"कळे काढ," मी तिला सांगितलं. "त्याऐवजी एखादी भूगर्भशास्त्रज्ञ घाल, तिच्या हातात जमिनीची हालचाल मोजणारं उपकरण दे. आकडे वाढत जातात असं दाखव. बाकी तुझ्या गोष्टीतला गढूळ झरा, अडकणारं दार, सगळं राहू दे. मी लगेच 'वि' देतो."

"कळे काढू?" तिने दोनदा विचारलं. "बाबांना वाईट वाटेल."

"गाव वाचणं महत्त्वाचं, की बाबांना बरं वाटणं?"

तिने बसल्या जागी माझ्याकडून कागद मागून घेतले आणि जेवायच्या टेबलावर तीन तास लिहीत बसली. मंजिरीने तिला पोहे दिले. संध्याकाळच्या एसटीने ती परत गेली आणि दुसऱ्याच दिवशी मी त्या गोष्टीवर 'वि' उमटवला.

चाहूलचा निकाल आला तो दोन टक्के. धोका नगण्य.

ऋतुजाने फोन केला तेव्हा तिचा आवाज मोकळा झाला होता. "सर, जिवावरचं ओझं उतरलं हो. कागद देवळात लावलाय. बाबा ऐकेनात, म्हणून त्यांच्याशी जरा कडक बोलावं लागलं. पण राहिले शेवटी."

फोन दत्तारामांकडे गेला. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बारीक, थकलेला आवाज.

"मास्तर, तुमी शिकलेली माणसां. यंत्र सांगता तर रवतंव आमी. पण देव काय अजून उजवो देऊक नाय. इतक्याच सांगूचा होता."

"काळजी करू नका," मी म्हणालो.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेदहाला डोंगर सुटला. त्या वेळी गावातल्या बायका देवळात होत्या. ऋतुजा प्रशिक्षणासाठी तालुक्याला गेली होती, म्हणून वाचली. एकेचाळीस गेले, त्यात दत्ताराम होते. देऊळ सापडलंच नाही.

बातमी बघताना मंजिरी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी विचारलं होतं तुला." एवढंच. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही, आणि दुसराही कुठला काढला नाही.

मी खोलीत गेलो आणि तिने विचारलेला प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला विचारला. कळे डावीकडेच का पडतात? उत्तर सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाषाण गोल आहे. ओला कळा त्याला पाण्याच्या पातळ थराने धरून राहतो. पाषाण सरळ उभा असेल तर दोन्ही बाजूंना सारखाच उतार, कुठलाही कळा आधी पडेल. तोच पाषाण डावीकडे एखादा अंश कलला, तर डावी बाजू खालून पोकळ होते, तिथला कळा लवकर सुटतो, आणि उजवीकडचा जास्त घट्ट बसतो. एका अंशाचा कल डोळ्यांना दिसत नाही. कळ्यांना कळतो. आधी दहात सात, मग नऊ, मग दहाच्या दहा. उतार सरकत होता, देऊळ कलत होतं, आणि दत्ताराम गुरव तीन वर्षं रोज त्याचं मोजमाप घेत होते.

परीक्षकांना चाचणीसाठी यंत्र वापरता येतं. मी पहिली गोष्ट, 'अ' शिक्क्याची, चाहूलला दिली. तिला चार सेकंद लागले. त्र्याण्णव टक्के, तात्काळ स्थलांतर. खाली कारण दिलं होतं: 'पाषाणाचा वाढता कल, सलग तीन वर्षांची नोंद.' दुसऱ्या गोष्टीतले उपकरणाचे आकडे तिने का सोडून दिले तेही मी पाहिलं. असं उपकरण त्या गावात नोंदलेलं नाही, सबब काल्पनिक. उरला एक गढूळ झरा आणि एक अडकणारं दार. त्याचे दोन टक्के.

म्हणजे कौलाची गोष्ट मोजमापाने भरलेली होती, आणि मी तिला अद्भुत म्हणालो. शास्त्रज्ञबाईची गोष्ट मनाने रचलेली होती, आणि तिच्यावर मी विज्ञानाचा शिक्का मारला.

चौकशी समितीने यंत्राला निर्दोष ठरवलं. चाहूलपुढे दुसरी गोष्टच आली होती आणि ती वाचून दोन टक्के हे उत्तर बरोबरच होतं. मी समितीला पत्र लिहिलं. 'नोंद घेतली' असं उत्तर आलं.

मग मी तालुक्याच्या गावी गेलो. वाचलेल्या माणसांना एका मंगल कार्यालयात ठेवलं होतं. ऋतुजा मागच्या बाजूला भांडी घासत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले.

"सर, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

कुणी तिच्याशी बोलत नाही हे मला पाच मिनिटांत कळलं. तिनेच सांगितलं, अगदी सहज. "मी गोष्टीतून देव काढला ना. म्हणून तो कोपला, असं म्हणतात सगळे." मग पदर खोचत, "मलाही तसंच वाटतं."

मी सगळं मनात ठरवून आलो होतो. तिला एकटीला सांगायचं, चाहूलच्या नव्या निकालाचा कागद द्यायचा आणि निघायचं. पण ज्या माणसांनी तिला वाळीत टाकलं होतं त्यांनाही हे कळायला हवं होतं. मी तिला म्हणालो, "सगळ्यांना बोलाव. देव कोपलेला नाही. मला दाखवायचंय."

माणसं आली. वीस-पंचवीस असतील, बहुतेक पुरुष आणि काही म्हाताऱ्या. मी स्वयंपाकघरातला एक हंडा मागून घेतला, सतरंजीवर पालथा घातला, पाण्याने ओला केला. दाराच्या तोरणातल्या झेंडूच्या पाकळ्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. पाच वेळा केलं. कधी उजवी आधी पडली, कधी डावी. मग हंड्याच्या उजव्या कडेखाली दुमडलेली पत्रिका सरकवली, कुणाच्या तरी लग्नाची तिथेच पडलेली. कललेलं कुणाला दिसलंही नसतं. पुन्हा पाकळ्या लावल्या. डावी. डावी. डावी. डावी. डावी.

मी सांगितलं ते असं: डोंगर सरकत होता, म्हणून पाषाण कलला होता. दत्ताराम जे सांगत होते ते यंत्रापर्यंत पोचलं असतं तर त्याच आठवड्यात गाड्या आल्या असत्या. ते मी पोचू दिलं नाही. ऋतुजाने बरोबर लिहिलं होतं. खोडायला मी लावलं.

पुढे बसलेल्या एक काकी, त्यांचे दोन्ही मुलगे गेलेले, हंड्याकडे बघत राहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे देव खराच सांगी होतो?"

कोणे एके काळी मी त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. देव नव्हे, उतार. देव नव्हे, पाषाण. मी म्हणालो, "हो काकी. खरंच सांगत होता."

"आणि दत्ताराम सांगी होतो ता पण खरा?"

"अगदी खरं."

काकींनी मान हलवली. "मगे आमी त्येचा आयकूक होया होता," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला कुणी शिवी दिली नाही. कुणी हात उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. एकेक जण उठून गेला. जाताना दोघी-तिघींनी ऋतुजाच्या पाठीवरून हात फिरवला. माझं काम झालं, असं त्या क्षणी मला वाटून गेलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय.

आम्ही दोघंच उरलो. तिने त्र्याण्णव टक्क्यांचा कागद हातात घेतला, पुन्हा पुन्हा वाचला. खाली जोडलेली तिची गोष्ट, तिचं वाक्य, तिच्या बाबांचं मोजमाप, सगळं त्यात होतं.

"बाबांना मी वेडं म्हणाले होते," ती म्हणाली. "यंत्राचा कागद त्यांच्या तोंडापुढे धरून. अख्ख्या गावासमोर. त्यानंतर ते माझ्याशी धड बोललेच नाहीत."

"ऋतुजा, चूक माझी आहे. तुझी नाही. म्हणून तर आलो."

"ते कळलं मला." कागदाची तिने व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. "देव रागावला म्हणून बाबा गेले, असं वाटत होतं तोवर मी कशीतरी जगत होते, सर. आता तेवढंही तुम्ही काढून घेतलंत."

तिने हंडा उचलला आणि राहिलेली भांडी घासायला मागे निघून गेली.